सुबीचं भरलेलं अंग

सुबी गेली तवा तिच्या खाटेपाशी मी होती, तिचा पोरगा मिलिंद होता, सून रंजना होती, अन् गल्लीतली शेवंता होती. ज्याच्या पुडीनं तिले त्या खाटेवर आणलं, तो वैद्य तेवढा नव्हता.

सुबी माही लहान बहीण. बाप लवकर गेला. मायसंगं आम्ही दोघी भिवापूरले मिरचीच्या सातऱ्यावर, मिरच्या निवडाच्या आवारात, देठं खुडाले जात होतो. बोटं अशी जळत की भाकर मोडवत नसे. सुबी रडत नव्हती. "माय, आज भाजीत तिखट नोको टाकू, मी नुसती बोटं बुडवतो," म्हणे. दिवसदिवस उकिडवं बसून तिचे गुडघे तवाच गेले असतीन. लग्नानंतर शहरात, मनीषनगरात लोकायची धुणीभांडी केली. नवरा गेला तरी कामाचा खाडा नाई.

पाळी गेल्यावर गुडघे बोलाले लागले. मिलिंद हिंगण्याच्या कंपनीत कामाले, तिथं कोणी त्याले वैद्याचं नाव सांगलं. वैद्य कायचा... टिनाच्या शेडात टेबल टाकून बसलेला माणूस. पुडीवर नाव नाई, गाव नाई. पण सुबी जिना चढाले लागली. मग तोंड गोल झालं, गाल लाल झाले, मानेमागं मांस चढलं. जल्मभर चिपाड राहिलेली बाई भरली. अन् आमच्या इकडं बाई भरली म्हणजे सुखात आहे, अजून कोणाले काही विचाराचं राहत नाई. तो वैद्य तिले मुद्दाम शेडात बसवून ठेवे, दुसऱ्या बायायले दाखवाले. शेवंतानं तिचं तोंड पाहूनच पुडी सुरू केली.

मी म्हटलं, "काहून वं सुबी, तोंड फुगलं अन् हातपाय तर काड्याच आहेत. डॉक्टरले दाखव."

"तुले माही तब्येत पाहवत नाई का वं बाई?" हसली. "जल्मात पहिल्यांदा कोणी मले जाडी म्हणून राहिलं. म्हणू दे ना."



एक दिवस उंबरठा ओलांडताना खुब्याचं हाड मोडलं. पडली म्हणून मोडलं नाई, मोडलं म्हणून पडली. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण, पोरगीच होती, सुबीची पुडी हातात घेऊन माह्याजवळ स्टुलावर बसली. "आजी, हाडाच्या आत मगज असतो. त्यात कच्च्या पेशी असतात. अंगातले हार्मोन सांगतात तशा त्या घडतात, कोणी हाड होते, कोणी चरबी. पाळी गेल्यावर बाईचं हाड तसंही कमी होत जातं. त्यात या पुडीत स्टेरॉइड होतं, तेही हार्मोनच. त्यानं त्या पेशी हाड व्हायच्या सोडून चरबी होत गेल्या."

"मंजे खाऊनपिऊन नाई भरली ती?"

"नाही, आजी."

रंजना काही बोलाले गेली तर मिलिंद तिच्यावरच खेकसला. पुडी आणणारा तोच, अन् शहाणाही तोच. खाटेवर पडल्यापडल्या सुबीच्या छातीत कफ झाला, अन् त्यातच गेली.

सुबीच्या मागं पुण्यानुमोदनाचं कार्य झालं, तिथं वैद्य आला. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात हार. बायायकडं पाहून म्हणे, "शेवटपर्यंत अंगानं कशी भरलेली होती माय." मेलेल्या बाईच्या फोटोपुढं धंदा करून राहिला होता.

मी विचारलं, "पुडीत काय टाकतो गा तू?"

"जडीबुटी, आजी."

"मग तुह्या मायचेही गुडघे दुखतात म्हणे. तिले देतो का?"

"तिले शुगर आहे, तिले नाई चालत," बोलून गेला. मग जीभ चावली. शुगर वाढते ती स्टेरॉइडनं, हे त्याले ठाऊक होतं.

मले वाटलं, आता कोणीतरी त्याले उठवन. तर चहा आला, अन् बायायनी तो घेतला. त्यालेही कप देला. मी नाई घेतला, एवढंच.

शेवंता अजून तीच पुडी खाते. तोंड गोल झालं आहे, गल्ली म्हणते तब्येत झाली. मी रोज सांगतो, ती रोज हसते, सुबीसारखीच.

म्हणून तुम्हाले सांगतो. घरात अशी बिननावाची पुडी कोणी खात असन, तर पुडी अन् ती खाणारं माणूस, दोन्ही डॉक्टरपाशी न्या. आपल्या मनानं एकदम बंद नोका करू, डॉक्टरीण म्हणे तेही जिवावर बेतते. फक्त घेऊन जा.