टँकरचे पोस्टर

शिजवलेल्या खळीचा वास आला की लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळातली एक संध्याकाळ आठवते. आमच्या महाविद्यालयीन चित्रपटाचे पोस्टर मी केले होते: निळा टँकर, ठळक ‘टँकर आला’, खाली ठिकाण, वेळ आणि ‘विद्यार्थ्यांचा चित्रपट’ ही बारीक ओळ. दुरून काय वाचता येईल, याचा विचार मी काटेकोरपणे केला होता. पोस्टरे मात्र आम्ही कोरड्या सार्वजनिक नळांशेजारच्या भिंतींवर खळीने चिकटवली. खेळाच्या वेळी महाविद्यालयाच्या फाटकापाशी घागरी, बादल्या घेतलेल्या बायकांची रांग दिसली. “पोरी, टँकर कुठं हाय? दुपारपासून बसून राहिलो,” पुढच्या म्हातारीने विचारले. “आजी, तो सिनेमा आहे.” रांग मोडून बायका माझ्याभोवती दाटल्या. “चेष्टा लावली का गं आमची?” मागून कोणी ओरडले. म्हातारीने मात्र बादली उचलली आणि सभागृहात जाऊन पडद्यासमोर ती पालथी घालून तिच्यावर बसली. “दाखव मंग. त्यात तरी येतो का बघू.” तिच्यामागून सगळ्या आत आल्या. आमच्या चित्रपटात टँकर शेवटपर्यंत येत नव्हता. दिवे मालवले, तेव्हा मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते. आजही एखाद्या पुस्तकाचे मी केलेले मुखपृष्ठ छापायला देताना बोटांना ती कडी जाणवते.