झोपल्यासारखा दिसतो

नर्सिंगच्या शाळेत आम्हाला संशय घ्यायला शिकवलं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही, पण शब्दच तसे होते. पेशंटला दुखतंय असं लिहायचं नाही, तो दुखण्याची तक्रार करतो असं लिहायचं. दम लागत नाही म्हणाला, तर तो दम लागत असल्याचं नाकारतो. जणू काही चोरीच नाकारतोय! आणि डोळे मिटून पडलेला माणूस झोपलाय, असं तर कधीच लिहायचं नाही. "तुम्ही काय त्याच्या डोक्यात शिरून बघितलंत?" आमच्या बाई विचारायच्या. लिहायचं, झोपल्यासारखा दिसतो.

सुरतेत प्लेग होऊन गेला, त्यानंतरच्या वर्षी मी रिंग रोडजवळच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. राहायला डिंडोलीत, वडील लूमवर, घरात अहिराणी. दवाखान्यात मात्र गुजराती आणि हिंदी, आणि कागदावर इंग्रजी. तिथे आपण खानदेशचे आहोत हे मी सहसा सांगत नसे.

पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून त्या माणसाला आणलं. वाफेचा पाइप फुटून त्याची मान, छाती आणि उजवा हात भाजला होता. वय तिशीच्या आतबाहेर. बरोबर नातेवाईक कुणीच नाही, फक्त मिलचा सुपरवायझर. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात नारळपाणी. "अमारा घरनो ज माणस छे," तो मला म्हणाला आणि स्टूल ओढून पलंगाशी बसला. मग रोज सकाळी येऊन बसायचा तो संध्याकाळीच उठायचा.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. कामगाराला दवाखान्यात सोडून पळून जाणारी माणसं आम्ही खूप पाहिली होती. हा फळं आणतो, बिलाचं बोलतो, डॉक्टरांच्या मागे मागे फिरतो. पण एके दिवशी त्याने मला हळूच विचारलं, "सिस्टर, पेशंट ओरिएंटेड छे?"

मी दचकलेच. हा आमचा शब्द. माणसाला आपण कोण, कुठे आहोत, आज वार कोणता, हे कळतंय का, एवढं त्या एका शब्दात येतं. पेशंटचे नातेवाईक विचारतात, शुद्धीवर आला का, जेवला का. ओरिएंटेड आहे का, असं कुणी विचारत नाही. ह्याला हा शब्द कुणी शिकवला?

उत्तर त्याच दुपारी मिळालं. पोलीस चौकीचे जमादार जबाब घ्यायला आले. भाजलेल्या माणसाचा जबाब घ्यायचा तर तो भानावर आहे, असं डॉक्टरांनी आधी सांगावं लागतं. सुपरवायझर जमादारांना समजावत होता, व्हॉल्व्ह ह्यानेच चुकीचा उघडला, साहेब, बिचाऱ्याची चूक झाली, लवकर उरकून टाका, घरचं कुणी येणार नाहीये.

मी पलंगाकडे पाहिलं. तो माणूस डोळे मिटून पडला होता. गेले दोन-तीन दिवस त्याचं असंच चाललं होतं. वार विचारला तर गप्प. कुठे आहेस विचारलं तर म्हणायचा, "नवापूर." दुखतंय का, तर नाही. इतकी कातडी गेलेल्या माणसाला दुखत कसं नाही? मला तर त्याचाच संशय यायला लागला होता. मिलच्या खर्चाने आराम करणारा दिसतोय, असंही मनात येऊन गेलं.

त्या दुपारी मी त्याचा श्वास मोजायला उभी राहिले. झोपलेल्या माणसाचा श्वास एका लयीत चालतो. ह्याचा चालायचा, पण सुपरवायझरचं स्टूल फरशीवर घासलं की अडकायचा, जरा वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. आणि तो सारखा आवंढा गिळत होता. गाढ झोपेत माणूस इतक्या वेळा गिळत नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "सिस्टर, काय म्हणतोय पेशंट?"

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. जमादार पेनाचं टोपण काढून तयार. मी म्हटलं, "सर, सकाळी हाक मारल्यावर ओ दिली होती, पण जागा बरोबर सांगितली नाही. आत्ता झोपल्यासारखा दिसतो."

डॉक्टरांनी वाकून दोनदा हाक मारली, खांदा हलवला. त्याने डोळे अर्धवट उघडले, कण्हला आणि पुन्हा मिटले. "काले आवजो," डॉक्टर जमादारांना म्हणाले. सुपरवायझर त्यांना सोडायला खाली गेला.

पावलं जिन्यावर वाजायची थांबली. मी सलाइन बदलत होते.

"तो गया का, बहीन?"

मी खाली पाहिलं. डोळे टक्क उघडे.

"गया," मी म्हणाले. तोंडातून आपसूक अहिराणीच आली. "दुखस का तुले?"

त्याने होकारार्थी मान हलवली आणि त्याचे डोळे भरून आले. मग तो भराभर बोलला. पाइपाचा सांधा आधीपासून गळत होता, त्याने सुपरवायझरला दाखवला होता, आणि मशीन बंद पडता कामा नये असं त्याला सांगितलं गेलं होतं. आता चूक माझी होती असं म्हण, म्हणजे मिल सगळा खर्च करेल, हे सुपरवायझर रोज कानाशी सांगत होता. सोबतच्या एका कामगाराकरवी बायकोला गावाकडे निरोप गेला होता. ती येईपर्यंत त्याला काहीच बोलायचं नव्हतं. दुखतंय म्हटलं तर इंजेक्शन देतील, इंजेक्शनची गुंगी आली की सुपरवायझर कबुलीच्या कागदावर आपला अंगठा उमटवून घेईल, म्हणून दुखत नाही असंच सांगत राहिला. मलाही. मी सुपरवायझरने दिलेले चिकू घेताना त्याने मला पाहिलं होतं.

मला माझ्या नोंदी आठवल्या. दुखणं नाकारतो, गोंधळलेला आहे, झोपल्यासारखा दिसतो. शिकवल्याप्रमाणे मी सगळं बरोबर लिहिलं होतं, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं.

"आता इंजेक्शन घे," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

"नको. ती येऊ दे."

ती दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने आली. उंच, काळी, कपाळावर मोठं कुंकू, हातात भाकरीचं गाठोडं. सरळ सुपरवायझरच्या स्टुलावर बसली. तो नारळपाणी घेऊन आला तरी उठली नाही. जमादार आले तेव्हा डॉक्टरांनी पेशंटला नाव, गाव, वार विचारला. त्याने सगळं धडाधड सांगितलं आणि मग जबाबही दिला, सांध्यापासून सगळा. बायको एकेक वाक्य कान देऊन ऐकत होती. अंगठा लावायच्या आधी तिने तो जबाब जमादारांकडून पुन्हा वाचून घेतला.

सुपरवायझर बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मी जवळून जाताना म्हणाला, "बेन, में पण सेठने कह्युं हतुं. सेठे ना पाडी." म्हणजे त्यानेही मालकाला गळणाऱ्या सांध्याबद्दल सांगितलं होतं आणि मालकाने दुरुस्तीला नकार दिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो खरं बोलत होता की माझ्यामार्फत आपली बाजू पोहोचवत होता, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. पुढे डिंडोलीत कानावर आलं की त्याला नोकरीवरून काढलं. मालकाचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. मिलने दवाखान्याचा खर्च मात्र केला.

जखमा भरत आल्यावर त्याला घरी सोडलं. मी गोळ्या समजावून दिल्या. ही दुखण्यावर, ही सकाळी, ही जेवल्यावर. बायकोने गोळ्यांची प्रत्येक पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

"यातली झोपेची कोणती?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"नक्की?"

"नक्की, ताई."

तिने मान डोलावली, गोळ्या पदरात बांधल्या आणि नवऱ्याला सावकाश जिना उतरवून नेलं. मी खिडकीतून पाहत होते. त्याला रिक्षात बसवून ती समोरच्या मेडिकलच्या पायऱ्या चढली, पदराची गाठ सोडली आणि एकेक पट्टी काउंटरवर मांडून दुकानदाराला विचारू लागली.