डाव्या कोपऱ्यातली गाठ

एसेनकुल बाइके (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो) बिश्केकच्या गाड्यांच्या बाजारात सातव्या ओळीत, एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये बसतात. बाजाराच्या कचेरीतली माझी खिडकी त्यांच्या दारासमोरच येते, त्यामुळे बावीस वर्षे मी त्यांचे काम पाहत आलो आहे. परदेशात आपटलेल्या गाड्या इकडे येतात, ठोकून सरळ होतात, रंगवल्या जातात आणि शेवटी बाइकेंकडे पोहोचतात. धडकेत एअरबॅग फुटली की डॅशबोर्ड फाटतो. बाइके तो आतून चिकटवतात आणि वर चामडे ताणून शिवतात. नवी बॅग बसवा म्हणणारे गिऱ्हाईक मी पाहिलेले नाही. आत पोकळी राहते. तारांना रेझिस्टरचा एक बारीक तुकडा जोडला की किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि चार सेकंदांनी विझतो, बॅग जागेवर असल्यासारखा.

टाका कुठे दिसत नाही. फक्त शेवटची गाठ ते डाव्या कोपऱ्यात आत वळवतात, दोनदा.

माणूस सरळ. गिऱ्हाइकाशी कधी खोटे बोलले नाहीत. कोणी काही विचारलेच नाही. लोकांना त्यांची एकच गोष्ट विचित्र वाटे. घरातल्या वडीलधाऱ्याने पुढे, ड्रायव्हरशेजारी बसायचे हा आमचा रिवाज; बाइके मात्र कोणाच्याही गाडीत मागे बसत. "पाय आखडतात," म्हणत. किती साधा माणूस, असे लोक म्हणत.

त्यांचा मुलगा सिरगाक. पहिले मूल आजी-आजोबांचे, या रीतीप्रमाणे त्याची लेक बेगायिम चाळीस दिवसांची असतानाच बाइकेंच्या घरी आली. आता ती अडीच वर्षांची आहे. बाइकेंना ती बाबा म्हणते, त्यांच्या बायकोला, बुरमाकानला, आई आणि खऱ्या बापाला दादा. बाइकेंचा कान मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नाही.

वसंतात सिरगाकने गाडी घेतली आणि दाखवायला थेट बाजारात आणली.

"बाबा, दिवा बघा. लागला... विझला. एकदम निरोगी गाडी!"

बाइके ड्रायव्हरशेजारच्या सीटवर वाकले. त्यांचे बोट डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, आत वळवलेल्या गाठीवर गेले आणि तिथेच थांबले.

"आत बॅग नाही, सिरगाक. हे मी शिवलंय."

सिरगाक हसला. "मग शिवण तरी नामी मिळाली! या बाजारात बॅगवाली गाडी कुठून आणू, तुम्हीच सांगा."

बाइकेंनी मागचे दार उघडले आणि मागच्या बाकाची रुंदी वितीने मोजली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान मुलांना गाडीत बांधून बसवायची सीट आणली. बाजारातल्या जुन्या ढिगातली नव्हे, कोरी, खोक्यातली. सिरगाकच्या गाडीत मागच्या बाकावर स्वतः घट्ट बसवली. बुरमाकानने कमरेवर हात ठेवले.

"पोरगी आहे का पोतं, पट्ट्यांनी आवळायला?"

"वर्षभर पाळण्यात बांधूनच निजवलीस ना?"

"पाळण्यापाशी मी होते!"

"धडक झाली तर मांडीवरून उडेल ती, बुरमाकान."

"माझ्या हातातून? चार पोरं वाढवलीत या हातांनी. आणि पुढं तुम्ही बसत नाही म्हणून मला बसावं लागतं. मानाची जागा रिकामी ठेवू?"

दोन महिने ती पुढेच बसली, मांडीवर पोर घेऊन. मागे बसवलेल्या त्या सीटवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते.

मग एका दुपारी चहा पिताना बाइके मला म्हणाले, "मला सुचलंय. मी पुढं बसतो. मी बसलो की तिला मागं जावंच लागेल. पोरही मागं. तिथं सीट आहेच."

"पण बाइके, त्या डॅशबोर्डमागे..."

"मला माहीत आहे त्याच्यामागे काय आहे. त्रेसष्ट झाली माझी. पोर मागं जाऊ दे."

आठवड्याने केमिनला लग्न होते. मीही सिरगाकच्याच गाडीत होतो; चालवत तोच होता. बाइके न बोलता पुढचे दार उघडून बसले.

"आज बरा मान आठवला!" बुरमाकान म्हणाली, पण मागे आली. बेगायिम माझ्या आणि तिच्या मधे सीटवर. पट्टा मीच लावला. टक् असा आवाज झाला तेव्हा बाइकेंनी खांदे सैल सोडलेले मला दिसले.

वाटेतले तोकमोक शहर येण्याआधीच पोरगी पेटली.

"बाबाकडे! बाबाकडे!"

बिस्किट झाले, किल्ल्या झाल्या. रडून रडून ती निळी पडायला आली.

"आई, डोकं उठलं माझं," सिरगाक म्हणाला. "दे ना तिला पुढे."

"नको," बाइके वळून न बघता म्हणाले. "रडू दे. आपोआप थांबेल."

"दगड आहात का हो?" बुरमाकान ओरडली. "तुमच्यासाठीच जीव टाकतेय ना ती! दादाला सोडून तुमच्या घरी वाढली, आणि तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही!"

मी म्हणालो, "थोडा वेळ थांबा, वहिनी." तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. पट्टा सोडला, पोरीला काखेत धरले आणि दोन सीटांमधून पुढे दिले.

बाइके नाही म्हणू शकले असते. पण पोरीने हात पसरले आणि त्यांचे हात आपोआप वर आले.

ती लगेच शांत झाली. त्यांचा कान मुठीत धरून झोपली. रिकाम्या सीटवर बुरमाकानने लग्नाला न्यायच्या तळलेल्या पावांचे गाठोडे ठेवले आणि पडू नये म्हणून त्याला पट्टा लावला.

सिरगाक एकामागून एक ट्रक मागे टाकत होता. समोरून काही आले की बाइके आपले दोन्ही तळवे पोरीचे डोके आणि ती शिवण यांच्या मधे धरत. पुढे पुढे त्यांनी ते खाली घेणेच सोडले. केमिन येईपर्यंत ते तसेच बसून होते.