उलटा हात

मुनीरचाचा आधी चाकाशी बोलत, मग माणसाशी. आर्णीत रस्त्यालगत त्यांचं गॅरेज होतं. गाडी आत शिरली की ते पाना खाली ठेवत, गुडघे धरून चाकापाशी बसत आणि डावा हात उलटा करून वीतभर अंतरावर धरत. तळहात कामाने निबर होतो, त्याला गरम-गार नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढा वेळ मालकाने मुकाट उभं राहायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाईने नमस्कार केला, तर म्हणाले, "थांब ना बाबू, हे सांगून राह्यलं ना काही."

माझं यवतमाळात चष्म्याचं दुकान. शौक मात्र ऐपतीबाहेरचा. बाबांच्या काळातली लांब बोनेटची गाडी, तिच्यात मी तिप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलेलं, आणि दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर ती एकदा तरी पळवायची हे वेड. जोर सगळा मागच्या चाकांवर. ती घसरू नयेत म्हणून एक इलेक्ट्रॉनिक डबा लावला होता. चाक घसरलं की तो इंजिनचा जोर क्षणभर कमी करी. चाचांनी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या अंगणात पाणी शिंपडून दिवसभर त्या डब्याचं बटण जुळवलं. मी खूश. ते नव्हते.

"डब्बा चांगला हाय," ते म्हणाले. "पण तो पयताना सांभाळते. थांबताना कोण सांभाळीन?"

ब्रेकला वारा मिळायची सोय होईपर्यंत गाडी तापवायची नाही, अशी त्यांची ताकीद होती. मी कुठला ऐकतोय! एका रविवारी घाटंजीकडच्या वळणांवर मनसोक्त पळवली. परतताना जळका वास आला आणि चाचांचा उलटा हात आठवला. बोलणी खावी लागणार. म्हणून गावाबाहेर थांबून मी पाण्याच्या दोन बाटल्या पुढच्या चाकांवर रिकाम्या केल्या. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. आपण फार हुशार, असं मला वाटलं.

गॅरेजात चाचांनी चाकापाशी उलटा हात धरला. चाक गार. मग बोटाने रिम पुसून पाहिली; बोट ओलं झालं. त्यांनी चाक उतरवलं. ब्रेकच्या चकतीवर केसासारखी बारीक चीर गेली होती.

"माह्या हाताले फसवलं तुनं," ते म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "लोखंडाले कसा फसवशीन?"

त्या दिवशी चहा थंड होईपर्यंत ते बोलले. त्यांचा धाकटा भाऊ युसूफ ट्रक चालवायचा. एकदा चाचा बरोबर होते. घाट उतरताना ब्रेक तापले, तेव्हा दोघं थांबले. "पाणी मार अन् चाल, उशीर होऊन राह्यला. मीच म्हटलं होतं त्याले," चाचा सांगत होते. पाणी पडताच ब्रेकचा तापलेला ड्रम तडकला. पुढच्या उतारावर तो फुटला. चाचा तेवढे वाचले.

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढचा महिनाभर त्यांनी माझ्या गाडीवर काम केलं. बंपरखाली दोन तोंडं कापली आणि तिथून जाड नळ्या थेट चकत्यांच्या मध्यापर्यंत नेल्या. मी म्हटलं, नळी सरळ चकतीवर रोखली तर? "वारा तोंडावर नाही, पोटात पाह्यजे," ते म्हणाले. चकती आतून पोकळ असते. मधून घेतलेला वारा ती फिरताना कडेने बाहेर फेकते. शेवटी त्यांनी बाभळीचा एक ठोकळा माझ्या डिकीत टाकला. त्याला ते गुटका म्हणत. तंबाखूला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "ब्रेक तापला तं पाणी नाही, हँडब्रेक नाही. एक फेरी हळू मार, गेरमधी उभी कर, चाकाले गुटका लाव."

ट्रॅकवर ते येऊ शकले नाहीत. दम्याने जोर धरला होता. गाडी सुंदर पळाली. दोन फेऱ्या उरल्या असताना ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. पुढे एकच गाडी होती आणि ती मला दिसत होती. मी वेग कमी केला, एक फेरी हळू मारली आणि बाहेर आलो. तिथूनच चाचांना फोन केला.

"पाणी?"

"नाही टाकलं."

"गुटका?"

"लावला."

तिकडून श्वासाची घरघर ऐकू आली. मग म्हणाले, "युसूफले सांगतो आता."

तीन आठवड्यांनी ते गेले. निरोप उशिरा आला. मी यवतमाळहून गाडी दामटत कब्रस्तानात पोचलो, तेव्हा खांदा देऊन झाला होता. माती तेवढी देता आली. परत गाडीपाशी आलो तर त्यांचा मुलगा इम्रान, तो आता गॅरेज बघतो, पुढच्या चाकापाशी बसला होता. डोळे सुजलेले. डावा हात उलटा करून त्याने वीतभर अंतरावर धरला होता. मी काही बोलणार, तर त्याने मान हलवली.

"गरम हाय, भाऊ," तो म्हणाला. "थांबा जरासक."

मी डिकीतून गुटका काढला, चाकाला लावला आणि त्याच्याशेजारी मातीत बसून पोटभर रडलो.