खापर फोडणारा शुनहे

ल्वान शुनहे आमच्या लिनथान गावातल्या हमामात लोकांच्या पाठी घासतो. त्याच्याविषयी कुणी चार ओळी लिहाव्यात असं त्याला मुळीच वाटत नाही, आणि हे त्याच्या कानावर गेलं तर तो माझ्यावर खेकसणार हे नक्की. खेकसू दे. माझी आई गेली तेव्हा या माणसाने जे केलं, ते आमच्या हाओ घराण्याच्या भल्यामोठ्या गोतावळ्यातल्या एकालाही जमलं नाही. उपकार मनातल्या मनात ठेवून मरणारी बाई मी नाही.

आधी माझ्या भावाचं सांगून टाकते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. हाओ वेईलिन हा माझा थोरला भाऊ. शेतकी खात्यात साधा मदतनीस म्हणून लागला. ऐन थंडीत प्लास्टिकच्या कागदाखाली काकड्या कशा पिकवायच्या, हे त्याने या पंचक्रोशीला शिकवलं. बांधावर उकिडवा बसून, नखांत माती भरून घेऊन. लोकांची घरं पक्की झाली आणि त्याला बढत्या मिळत गेल्या. तालुक्याचा पक्षसचिव झाला, मग शहराचा उपमहापौर. आणि मग त्याने पैसे खाल्ले. रस्त्यांत खाल्ले, जमिनींत खाल्ले. भर न्यायालयात मान खाली घालून त्याने ते कबूल केलं, आम्ही टीव्हीवर पाहिलं. "त्याला मुद्दाम अडकवलं हो," असं अजूनही कुणी गोड आवाजात मला सांगतं. मी म्हणते, बाबांनो, हात अडकायला आधी तो आत घालावा लागतो.

तर शुनहे. माझ्या भावाहून दोन वर्षांनी मोठा. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. बाप हमामाच्या भट्टीत कोळसा टाकायचा, म्हणून पोरगंही तिथेच वाढलं आणि तिथेच कामाला लागलं. अंगाने एवढासा, पण पंजे फावड्यासारखे. ओला पंचा हाताला गुंडाळतो आणि मानेपासून सुरुवात करतो. एक बाजू झाली की फळीवर दोन थापा मारतो, म्हणजे पालथे व्हा. त्या दोन थापांपुढे कुणाचं काही चालत नाही. खाटीक असो नाहीतर फौजदार, थाप पडली की माणूस वळतो.

सचिव झाल्यावरही माझा भाऊ शनिवारी तिथे जायचा. मग हौदातल्या सगळ्यांना अचानक त्याच्याशी बोलायचं असायचं. एकदा एक मुख्याध्यापक अंगावर धड पंचासुद्धा नसताना फळीशेजारी उभे राहिले आणि बदलीचं रडगाणं गाऊ लागले. शुनहेने दोन थापा मारल्या.

"साहेब, पालथे व्हा. आणि गुरुजी, तुम्ही जरा सरका, मळ उडेल."

आंघोळीनंतर हिरव्या मुळ्याच्या फोडी आणि गरम चहा, एवढाच काय तो थाट. शुनहेने भावाकडे कधी काही मागितलं नाही. मी एकदा त्याला छेडलं होतं, "अरे, एवढा मोठा माणूस तुझ्या हाताखाली उघडा पडलेला असतो, आणि तुला काही मागायला सुचत नाही?"

"मागितलं की तो पाठ करणार नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "तोंडाकडे बघत बसेल. मग घासू कसा?"

पुढे माझ्या भावाच्या नव्या रुंद रस्त्यात तो हमामच गेला. सबंध इमारत पाडली. शुनहेने बाजारामागच्या एका बंद गोदामात पुन्हा भट्टी बांधली, बायकांची बाजू त्याची बायको श्यूमेई बघायला लागली. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की! त्या शनिवारी साहेबांची पाठ जरा जोरात घासली. चांगले ओरडले."

त्यानंतर भाऊ येईनासा झाला. त्याच्यासाठी आता डोंगरापलीकडच्या हॉटेलात गरम झऱ्याचं पाणी होतं, आणि पाणी किती कढत आहे ते जोखून देणारे कंत्राटदारही होते.

तो शेवटचा हमामात आला तेव्हा गावभर कुजबुज सुरू झाली होती. आडवारी, दुपारचा, एकटाच आला. त्याला पाहून हौदातली माणसं एकेक करून उठली आणि अंग न पुसताच कपडे चढवून निघून गेली. शुनहेने पंचा पिळला आणि नेहमीसारखी पाठ घासली. हे सगळं मला नंतर कळलं.

"काही बोलला का रे तो?" मी विचारलं.

"नाही."

"आणि तू?"

"मी म्हटलं, पालथे व्हा." मग त्याने सिगरेट पेटवली, दोनदा ओढली. "हाडं लागत होती गं हाताला."

दुसऱ्याच आठवड्यात भावाला नेलं. वहिनी माहेरी निघून गेली, भाची परदेशात होती ती तिकडेच राहिली. आईला मुलाच्या शहरातल्या घरी कधीच करमलं नव्हतं, ती गावातच होती. भावाच्या चलतीच्या काळात नववर्षाला आमच्या दारापासून पार वेशीपर्यंत गाड्या लागायच्या. आता फक्त चौकशीवाले आले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, आतून पोकळ आहेत का म्हणून. काही निघालं नाही, पण गावाने ठरवून टाकलं की म्हातारीच्या भिंतींत नोटा आहेत. आईला उठवेनासं झालं तेव्हा श्यूमेई येऊन तिला न्हाऊ घालायची. शुनहे गरम पाण्याचे डबे सायकलला बांधून आणायचा आणि बाहेरूनच विचारायचा, "काकू, पाणी फार कढत नाही ना?"

त्या वर्षीच्या थंडीत आई गेली.

आमच्याकडे दहन सरकारी नियमाने होतं, पण राख शवपेटीत ठेवून पुढचं सगळं जुन्या रीतीने करतात. पेटी उचलण्याआधी थोरल्या मुलाने मातीचं खापर डोक्यावर धरायचं, एका दणक्यात जमिनीवर फोडायचं आणि आईला हाक मारून नैऋत्येकडची, स्वर्गाची वाट सांगायची. खापर फुटल्याशिवाय पेटी हलत नाही. मुलगा नसेल तर पुतण्या चालतो. मुलगी चालत नाही. आणि जो फोडतो तो त्या क्षणापासून त्या घरचा मुलगा, घरादाराचा वारस. हे सगळं सूर्य डोक्यावर यायच्या आत व्हायला हवं.

गावातली क्रियाकर्मं बघतात ते नी आडनावाचे काका. त्यांनी अंगणात नजर फिरवली. आलेली माणसं मोजकीच, तीही बाह्यांत हात खुपसून भिंतीला टेकलेली. चुलत भावांपैकी एकटा युंगक्वान आला होता. पाणीखात्यातली त्याची नोकरी माझ्या भावानेच लावून दिलेली.

"युंगक्वान, ये पुढे," नी काका म्हणाले.

"काका, माझी कंबर धरली आहे हो."

"खापर आहे ते, जातं नाही!" मी म्हणाले.

"ताई, तसं नाही. कुणी फोटो काढून ऑफिसात पाठवला तर? हाओ वेईलिनच्या घरचा वारस म्हणून माझं नाव होईल. वर लोक म्हणतील, भिंतीतल्या पैशासाठी फोडलं."

सबंध वर्षभर जो तो आपापलं खापर माझ्या भावाच्या डोक्यावर फोडत होता. हे एक खरंखुरं खापर फोडायला मात्र कुणाचे हात उठेनात. मी ते उचललं. तशी आठही खांदेकरी दोन पावलं मागे सरले.

"खाली ठेव, वेईछिन," नी काका हळूच म्हणाले. "तू फोडलंस तर ही माणसं पेटीला हात लावणार नाहीत. रीत माझी नाही, पोरी. मी काय करू?"

सावली आखडत चालली होती. आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्याच्या मयताच्या जेवणाला कणीक मळून दिली, तिची पेटी अंगणात पडून राहणार होती. मी त्या गोठलेल्या जमिनीवर मटकन बसले. रडूसुद्धा येईना, इतका संताप आला होता.

शुनहे सकाळपासून बाकं वाहत होता. त्याने हातातलं बाक खाली ठेवलं, टोपी काढली आणि पुढे आला.

"काका, पांढरं कापड द्या डोक्याला."

"वेडा आहेस का? तू ल्वान, हे हाओ. एकदा फोडलंस की परत घेता येत नाही. उद्या चौकशीवाले तुझ्या दारात येतील."

"येऊ देत. पाठ घासून देईन."

"आणि हाक काय मारशील? काकू म्हणून चालत नाही, ठाऊक आहे ना?"

इथे मात्र शुनहे अडला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ज्याची आई तो रांगत असताना गेली, त्याने तो शब्द कुणाला उद्देशून कधी उच्चारलाच नव्हता. मला वाटलं, झालं, हाही परत फिरणार. त्याने माझ्या हातातलं खापर घेतलं, डोक्यावर नेलं आणि असं आपटलं की तुकडे फाटकाबाहेर गेले.

"आई! नैऋत्येला जा! रुंद रस्त्याने जा!" आणि मग पुन्हा एकदा, आवाज फुटून, "आई!"

दुसरी हाक रीतीत नव्हती. खांदेकऱ्यांनी निमूटपणे पेटी उचलली.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. शुनहेला भिंतीतल्या नोटा दिसल्या म्हणे. चौकशीवाल्यांनी खरंच त्याला बोलावलं, दुपारभर बसवून ठेवलं आणि कंटाळून सोडून दिलं. नववर्षाला गावभर दारांवर शुभेच्छांचे लाल कागद लागले, पण ज्याच्या घरी सुतक आहे तो लावत नाही, म्हणून शुनहेनेही हमामाचं दार कोरंच ठेवलं. अशा दारातून आंघोळीला जाणं अशुभ, म्हणून गिऱ्हाईक महिनाभर फिरकलं नाही. श्यूमेईने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. तिचे उपकार वेगळेच आहेत, ते कधी फिटायचे नाहीत.

मग तुरुंगातल्या भेटीचा दिवस आला. काचेपलीकडे भाऊ, केस बारीक कापलेले, निळा अंगरखा. आई गेल्याचं त्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडून कळलं होतं. फोन कानाला लावून त्याने पहिलं विचारलं ते हेच.

"खापर कुणी फोडलं? युंगक्वानने?"

"नाही. थोरल्या दादानं."

तो गोंधळला. "थोरला मीच ना?"

"आता नाहीस," मी म्हणाले आणि त्याला सगळं सांगितलं.

मग त्याने फोन खाली ठेवला, खुर्ची मागे सारली आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. ज्यांनी मयताला हातभार लावला त्यांच्यापुढे आमच्याकडे मुलगा करतो तसं. पहारेकरी ओरडत आला, ऊठ म्हणाला. तोवर त्याचं करून झालं होतं.

तो नमस्कार पोहोचवायचा म्हणून मी स्टेशनवरून थेट हमामात गेले. पुरुषांच्या बाजूला जाता येत नाही, तेव्हा पडद्याबाहेरूनच हाक मारली आणि शुनहे बाहेर येताच गुडघे टेकले.

"ए, ए! ऊठ आधी! फरशी ओली आहे, वेडे!" त्याने मला दंडाला धरून उभं केलं. "धाकट्या बहिणीनं असं करायचं असतं का कधी?"

"हा माझा नाही, त्याचा आहे. मी नुसता आणून दिला."

शुनहे हातातला पंचा पिळत राहिला. पन्नास वर्षांत माझ्या भावाला त्याने आधी वेईलिन आणि मग साहेब, याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"कसा आहे आपला धाकटा?" त्याने विचारलं.

"वाळलाय."

"तिथली जमीन गार असणार," तो म्हणाला. "श्यूमेईला जाड मोजे विणायला सांगतो. पुढच्या वेळी मीही येईन."