चाचांचे लाल फोल्डर

मी संशयी आहे. पाण्याचा जार आला की त्याचं सील नखाने ओढून बघते, भाजी घेताना भाजीपेक्षा काट्याकडे जास्त लक्ष देते, आणि शेजारीण नेहमीपेक्षा गोड बोलली की हिला काय हवं असेल याचा दोन दिवस विचार करते. नवरा म्हणतो, तू पोलिसात हवी होतीस. मी त्याला सांगते, चाकणच्या कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोलला आहे, फार फरक नाही.

आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवते. प्रत्येक पार्टची एक डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा साचा, आणि प्रत्येक डायचं ड्रॉइंग. ड्रॉइंग बदललं की जुनी प्रत परत घ्यायची, नवीवर शिक्का मारायचा आणि ती खाली टूल रूमला, म्हणजे डाय बनवतात नि दुरुस्त करतात तिथे, पाठवायची, हे माझं काम. सहा वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं ड्रॉइंग खाली गेलेलं नाही, असं मी दर ऑडिटला मान वर करून सांगायचे. साहेबही ते ऐकवायचे, पाहुण्यांना घरातला हुशार मुलगा दाखवावा तसं.

गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट ठरलं. सर्व्हरवर तर नुसता उकिरडा होता. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’, ‘फायनल’, ‘फायनल नक्की’, असं काय काय. साहेब म्हणाले, एका स्क्रीनवर सगळं दिसलं पाहिजे, कुठे काय आहे आणि कुठे काहीच नाही. आयटीचा माणूस आठवड्यातून एकदा यायचा आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकचं गाऱ्हाणं गाऊन जायचा. त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मीच ते करायचं ठरवलं.

डेस्कटॉपवरची बारीकसारीक कामं आपोआप करून घेण्यासाठी एक फुकट स्क्रिप्टिंगची भाषा आहे. आकुर्डीहून चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर तिचे धडे वाचायचे आणि जेवणाच्या सुट्टीत करून बघायचे, असं मी सुरू केलं. मला हवा होता तो ट्री. डावीकडे फोल्डरची नावं, नावापुढे अधिकचं चिन्ह, ते दाबलं की आतले फोल्डर जरा उजवीकडे सरकून खाली उघडणार.

पहिल्यांदा मी फोल्डर उघड, त्यातला प्रत्येक फोल्डर उघड, त्यातलाही प्रत्येक उघड, असं सरळ लिहिलं. स्क्रीन पांढरी पडली ती माझा चहा संपला तरी पांढरीच. मग युक्ती सापडली. सगळं आधी वाचायचंच नाही, ज्यावर कोणी क्लिक करेल तेवढंच वाचायचं. पण आत काही असल्याशिवाय अधिकचं चिन्ह येत नाही, म्हणून प्रत्येक फोल्डरच्या पोटात एक खोटी ओळ घालून ठेवायची. क्लिक झालं की खोटी ओळ काढून खरे फोल्डर आणि फाइली भरायच्या. ही खोट्या ओळीची कल्पना मला फारच आवडली. आत काही सापडलं नाही तर नाव लाल करायचं, ही भर माझी. वाचताना काही अडचण आली तर गपचूप परत फिरायचं, अशीही एक ओळ मी घातली होती. ती कधी घातली ते आठवतसुद्धा नाही.

आता चाचा. टूल रूममधले सर्वांत जुने कारागीर. सगळी कंपनी त्यांना चाचाच म्हणते. जन्म कासारवाडीचा, घर अजून तिथेच, स्कूटरही बहुधा तेव्हापासूनची. त्या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांना आणखी एक वर्ष हवं होतं. निम्म्या डाय त्यांच्या हातच्या होत्या, नवीन आलेल्या दोघांना त्यातलं अजून पुरतं कळत नव्हतं. एवढं एक वर्ष मिळू दे, सगळं यांच्या हातात देतो, मग घरी बसायला मोकळा, असं ते कँटीनमध्ये सांगायचे. मुदतवाढीचं पत्र तयार होऊन साहेबांच्या टेबलावर पडलं होतं. फक्त सही बाकी होती.

माझा चाचांवर आधीपासून डोळा होता, तो का तेही सांगते. सगळ्यांच्या कॉम्प्युटरचे पेन ड्राइव्ह बंद केलेले, त्यांचा तेवढा चालू. मशीनला प्रोग्रॅम द्यायला लागतो म्हणे. त्यांच्या भाच्याने भोसरीत शेड घेऊन स्वतःचं टूल रूम टाकलेलं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात खुपायची. मी टूल रूममध्ये पाऊल टाकलं की चाचा स्क्रीन भिंतीकडे फिरवायचे. मी मुद्दाम काचेबाहेर उभी राहून पाहिलं होतं. साहेब गेले, मेंटेनन्सवाले गेले, अगदी चहावाला गेला तरी स्क्रीन जागची हलायची नाही. मीच गेले की फिरायची.

ट्री पूर्ण झाला त्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी टूल रूमची फांदी उघडली. का, ते उघड आहे. चाचांच्या फोल्डरमध्ये डायप्रमाणे फोल्डर होते. नावं म्हणजे एकेक वाक्यच, डायचा नंबर, ग्राहक, कुठल्या प्रेस मशीनवर चालते, कुठला कोपरा नाजूक आहे, सगळं नावातच लिहिलेलं. मला हसू आलं. मी पहिलं अधिकचं चिन्ह दाबलं. खोटी ओळ गेली, आत काही आलं नाही, नाव लाल झालं. दुसरंही लाल. मी एकामागून एक दाबत गेले आणि ती यादी खालपर्यंत लाल होत गेली. खोटं कशाला बोलू, आतून मला बरं वाटत होतं. बघा, मी म्हणत नव्हते?

दुसऱ्या मार्गाने खात्री करून घ्यावी असं मला एकदाही वाटलं नाही. खात्री शंका असेल तिथे करायची, चाचांबद्दल मला शंका उरली कुठे होती? स्क्रीनचा फोटो काढला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, चाचांनी जायच्या आधी सगळा डेटा साफ केलाय. भाच्याच्या शेडचंही सांगितलं, पेन ड्राइव्हचंही. साहेबांनी ती लाल यादी वरून खालपर्यंत पाहिली. मग मुदतवाढीचं पत्र उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्याच संध्याकाळी चाचांचं लॉगिन बंद झालं. सुटताना गेटवर त्यांची पिशवी तपासली. आमची बस गेटच्या आत उभी होती आणि मी खिडकीशी होते, त्यामुळे मला सगळं दिसलं. गार्डने डबा उघडायला सांगितला. चाचांना आधी कळलंच नाही, मग त्यांनी खाली बसून डबा उघडला. त्यात अर्धी पोळी उरलेली होती. पेन ड्राइव्ह काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यात मशीनचे प्रोग्रॅम सोडून काही निघालं नाही, तेव्हा मी साहेबांना म्हणाले की एवढा मुरलेला माणूस पुरावा खिशात घेऊन फिरेल का. हे वाक्य मी बोलले आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

पुढचे तीन दिवस चाचा ट्रेनिंग रूममध्ये बसून होते. चौकशी होईपर्यंत त्यांनी टूल रूममध्ये जायचं नाही असं ठरलं होतं. आरोप काय तेही त्यांना नीट कोणी सांगितलं नव्हतं, तुमच्या डेटात घोळ आहे एवढंच. तिसऱ्या दिवशी कँटीनच्या दारात त्यांनी मला थांबवलं.

“मॅडम, तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये माझं काय दिसतंय, ते मला एकदा दाखवा ना.”

साहेबांची परवानगी लागेल, असं म्हणून मी ताट घेऊन पुढे गेले.

त्या दुपारी मी माझी स्वतःची फांदी उघडली. ऑडिटच्या तक्त्यांचा फोल्डर मी आदल्याच दिवशी भरला होता, फाइली माझ्या हाताने टाकल्या होत्या. अधिकचं चिन्ह दाबलं आणि माझा फोल्डर लाल झाला.

पहिला विचार आला की माझ्या फाइली कोणी उडवल्या, आणि खरं सांगते, चाचांचंच नाव मनात आलं. पण त्यांचं लॉगिन तर बंद होतं. मग माझ्याच स्क्रिप्टवर संशय घ्यायची वेळ आली, आणि इतक्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट मी संशयातून सोडली होती.

ती गपचूप परत फिरणारी ओळ मी काढली आणि तिच्या जागी अडचण काय आहे ते दाखव असं लिहिलं. उत्तर आलं की पत्ता वाचता येत नाही. विंडोजमध्ये फोल्डरच्या पत्त्याला मर्यादा असते. सर्व्हरच्या नावापासून शेवटच्या फोल्डरपर्यंत सगळी अक्षरं मिळून अडीचशेच्या थोडी वर गेली की माझ्या साध्या स्क्रिप्टला आत शिरताच येत नव्हतं. ती परत फिरायची आणि मी त्या फोल्डरला रिकामा म्हणायचे. माझ्या तक्त्यांचं नाव मी हौसेने लांबलचक ठेवलं होतं. चाचांची तर सगळीच नावं लांब. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांचा फोल्डर थेट वेगळ्या ड्राइव्हसारखा जोडलेला होता, पत्ता तिथूनच सुरू व्हायचा, म्हणून त्यांना कधीच अडचण आली नव्हती.

मीही तो तसाच जोडून घेतला आणि ट्री पुन्हा चालवला. लाल यादी एकेक करून काळी झाली. प्रत्येक डायचा सगळा इतिहास आत होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. डावा कोपरा तडकला वेल्ड केला. पावसाळ्यात पत्रा चिकटतो तेल जास्त लावणे. नवीन मुलांनी आधी मला विचारणे. नेऊन विकायला नव्हे, मागे ठेवून जायला लिहिलं होतं ते. मी एकेक उघडत, वाचत गेले. ब्रॅकेट नावाचा एक पार्ट आमच्याकडे रोज प्रेसवर असतो, त्याची डायही उघडली. आतल्या एका फोल्डरचं नाव होतं: नव्या मॅडमनी जुनं ड्रॉइंग शिक्का मारून पाठवलं भोक चार मिलिमीटर सरकत होतं मी डाय सुधारून घेतली मॅडमला बोलू नये नवीन आहे.

आत ते ड्रॉइंग स्कॅन करून ठेवलेलं होतं. शिक्का माझा, सही माझी, तारीख मी रुजू झाल्यानंतर दोन महिन्यांची.

म्हणजे ते स्क्रीन फिरवायचे ते यासाठी. ब्रॅकेटचं काम रोजचं, तो फोल्डर त्यांच्यासमोर कायम उघडा, आणि मी आले की मला ते नाव दिसू नये एवढीच त्यांची धडपड. मी खुर्चीत बसून रडले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाले.

इथवर सांगून थांबले असते तर मी बरी माणूस ठरले असते. पण मी त्यानंतर काय केलं तेही सांगते. साहेबांना चाचांची फांदी उघडून दाखवायची, तर ते नाव दिसणार होतं. सहा वर्षं मान वर करून सांगितलेलं एका क्लिकवर खोटं ठरणार होतं, तेही ऑडिटच्या तोंडावर. स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ वाढवली. नावात ‘मॅडम’ आलं तर तो फोल्डर सोडून पुढे जा. चालवून पाहिलं. यादी स्वच्छ, चाचा निर्दोष, मीही निर्दोष. कोणाला कधी कळलं नसतं.

ती ओळ तासभर तिथे होती. मग ट्रेनिंग रूमच्या दारावरून जाताना चाचा दिसले, हात मांडीवर ठेवून समोरच्या सेफ्टीच्या पोस्टरकडे बघत बसलेले. मी जागेवर आले, ओळ काढली आणि लॅपटॉप उचलून केबिनमध्ये गेले.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फोल्डर खाली सरकवत ते त्या नावाशी थांबले.

“ही नवी मॅडम कोण?”

“मी.”

ड्रॉवर उघडून त्यांनी पत्र काढलं आणि माझ्यासमोर सही केली. ऑडिटला मात्र सहा वर्षांचं ते वाक्य ना त्यांनी उच्चारलं ना मी.

मी चाचांची माफी मागायला टूल रूममध्ये गेले, तेव्हा ते लोखंड घासायच्या कानशी पुसत होते. मी बोलले ते त्यांनी ऐकून घेतलं. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. हातातली कानस जागेवर ठेवत म्हणाले, “ते नाव साहेबांना कशाला दाखवलंत, बेटा? तेवढं झाकून दाखवता आलं असतं.”

चाचांचे अजून दोन महिने बाकी आहेत. आता मी टूल रूममध्ये गेले तरी ते स्क्रीन फिरवत नाहीत, आणि नवीन दोघांना माझ्यादेखत शिकवत असतात. पण संध्याकाळी गेटवर ते स्कूटर उभी करतात, पिशवीतून डबा काढतात आणि कोणी न सांगता झाकण उघडून गार्डसमोर धरतात. गार्ड रोज ओशाळतो. चाचा, राहू द्या हो, म्हणतो.

“बघून घे,” चाचा म्हणतात. “नंतर कोणाला शंका नको.”

बस तेव्हा गेटच्या आतच उभी असते, आणि मी खिडकीशी असते.