टाकेबाईच्या हेल्मेटची काच

नवरा गेल्यावर बाविसाव्या दिवशी टाकेबाई कामावर हजर झाली.

टाकेबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. पाण्याच्या टाक्या आणि लोखंडी जिने बनवणाऱ्या त्या शेडमध्ये ती सतरा वर्षं वेल्डिंग करत होती. तिच्या जोडाची रेघ अशी एकसारखी यायची की शिलाई मशीनवर मारलेले टाके वाटावेत. त्यातून नवरा शिंपी. मग दुसरं कुठलं नाव पडणार? "घरात एक जण कापड शिवतो, एक जण लोखंड," असं फोरमन नव्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा आणि वर, "भांडले की एकमेकांना उसवत असतील," अशी पुस्ती जोडायचा. नवऱ्याला हा विनोद इतका आवडला होता की तो स्वतःच्या दुकानातही सांगत सुटायचा.

तो गेला तो जिन्यात. हातात भाजीची पिशवी होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकला, मागून येणाऱ्या बायकोला म्हणाला, "जरा दम खातो," आणि पिशवी हातातून सुटली. बटाटे पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. टाकेबाईने आधी बटाटे गोळा केले. "तुझं आपलं नेहमीचंच," असं पुटपुटत एकेक उचलला आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ती रडली नव्हती. सासू रडायची, नणंद रडायची, भेटायला येणारे दारातच डोळे पुसायचे आणि मग सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे वळायच्या. "मनात कोंडून ठेवलंय हो तिने," असं नणंद हलक्या आवाजात सांगायची. टाकेबाईने एकदोनदा खरंच मनात डोकावून पाहिलं. कोंडलेलं असं काही सापडेना. समोर ठेवलेलं, गार असो की गरम, ती खायची, सांगितलं की झोपायची, विचारलं की उत्तर द्यायची.

कामावर गेली त्या दिवशीही तसंच. फोरमन म्हणाला, "सावकाश होऊ दे. घाई नाही." ती "बरं" म्हणाली, खुंटीवरचं हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं आणि कामाला लागली.

इथेच तिचं चुकलं. सतरा वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं. तिचं हेल्मेट आपोआप काळं होणाऱ्या काचेचं होतं. एरवी काचेतून आरपार दिसतं, ठिणगी पेटली की पापणी लवायच्या आत काच काळी होते आणि ठिणगी विझली की पुन्हा उजळते. बाकीचे लोक या काचेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. टाकेबाई ठेवायची नाही. रोज सकाळी पहिली पाच मिनिटं हेल्मेटची. काच उजेडाकडे धरून तडा बघायचा. पुढचे चार बारीक सेन्सर मऊ फडक्याने पुसायचे, कारण त्यांना ठिणगी दिसली नाही तर काच काळी होणार कशी? बॅटरी बघायची. आतलं बटण काच काळी न करणाऱ्या ग्राइंडिंगवर राहिलं नाही ना, काळेपणाचा आकडा कामाला जुळतो ना, तेही बघायचं. शेवटी समोर लायटर पेटवून काच काळी होते की नाही याची खात्री करायची. लायटर नवऱ्याचाच होता. त्याने सिगारेट सोडल्यावर तो हिच्या खिशात आला होता.

त्या दिवशी लायटर घरीच राहिला होता. त्याची आठवणही तिला झाली नाही.

जिन्याच्या कठड्याचं काम होतं. तिसऱ्याच जोडाला डोळ्यांपुढे लख्ख झालं. काच काळी झाली होती, पण क्षणभर उशिराने. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. शिवाय डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, काचेच्या कडेला, उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. एरवी तिने हातातला वेल्डिंगचा होल्डर जागच्या जागी खाली ठेवला असता. त्या दिवशी तिने ते सगळं पाहिलं, कळलंही, आणि हात चालूच राहिला. दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांना काही तरी होतंय, असं वाटत होतं. दिवसभर तिने कठड्याचे चौतीस गज जोडले. एकही टाका वाकडा गेला नाही.

चार वाजता डोळे चुरचुरायला लागले. घरी पोचेपर्यंत पापण्यांखाली कोणी वाळू भरल्यासारखं झालं. दार सासूने उघडलं. टाकेबाईच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, डोळे उघडवत नव्हते.

सासूने तिला तिथेच दारात छातीशी धरलं. "रड, बाळा. रडून घे."

आतून नणंद धावत आली. "रडली का गं? बाई गं, रडली एकदाची!" म्हणत तीही रडायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"रडत नाहीये मी," टाकेबाई सासूच्या खांद्यात म्हणाली. "वेल्डिंगचा आर्क लागलाय."

"हो, हो. लागणारच," सासू म्हणाली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

टाकेबाईने पुन्हा समजावलं नाही. भिंत चाचपत खुर्चीपर्यंत गेली आणि म्हणाली, "दिवा बंद करा. खुपतोय." तेव्हा सासू थबकली. तिने दिवा बंद केला आणि पडदेही ओढले. नणंदेने कुठेतरी ऐकलं होतं, ती बटाट्याच्या चकत्या कापून घेऊन आली. डोळ्यांवर ठेवल्या की आग निघते म्हणे. थंडगार चकती गालाला लागताच टाकेबाईने विचारलं, "काय आहे?"

"बटाटा."

"नको."

"अगं, बरं वाटेल—"

"बटाटा नको म्हणते ना ती," सासू म्हणाली आणि ताटली उचलून घेऊन गेली.

डोळ्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरीणबाईंनी एकेक थेंब टाकला आणि चुरचुर क्षणात नाहीशी झाली. "हे थेंब घरी द्याल का?" नणंदेने विचारलं.

"मुळीच नाही. हे बधिर करतात. बधिर डोळ्याला इजा कळत नाही आणि जखम भरायलाही वेळ लागतो. फक्त तपासण्यापुरते टाकले." त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं. दोन दिवस अंधारात राहायचं, डोळे चोळायचे नाहीत. मग टाकेबाईला विचारलं, "सकाळपासून झळ येत होती ना? थांबला का नाहीत?"

"लक्षात आलं नाही."

"वेल्डर आहात. लक्षात आलं नाही कसं?"

"आलं होतं," टाकेबाई म्हणाली. "काही वाटलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी काही झालंय का?" त्यांनी विचारलं. उत्तर नणंदेने दिलं.

पुढचे दोन दिवस टाकेबाई डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होती. सासू दर चार तासांनी औषध घालायची, हाताला धरून मोरीपर्यंत न्यायची, घास हातात द्यायची. दुसऱ्या दुपारी सासू म्हणाली, "तू रडत नव्हतीस. दिवा बंद करा म्हणालीस तेव्हाच कळलं मला. रडणाऱ्याला उजेड खुपत नाही."

"मग नणंदबाईंना का नाही सांगितलंत?"

"असू दे. तिला बरं वाटतंय." सासूने औषधाचं झाकण लावलं. "तुला यायचं तेव्हा येईल रडू. नाही आलं तर नाही. मी दोघींपुरतं रडतेच आहे."

चौथ्या दिवशी टाकेबाई शेडमध्ये गेली आणि आधी हेल्मेट घेऊन दारापाशी बसली. काच चौकटीतून काढून उजेडाला धरली. डाव्या कोपऱ्यात नखाएवढा तडा होता, काच चौकटीत नीट बसलेली नव्हती आणि दोन सेन्सरांवर ठिणग्यांचे थेंब चिकटून गोठले होते. शिवाय बॅटरी संपत आलेली. म्हणजे सेन्सर आणि बॅटरीमुळे काच उशिरा काळी होत होती, आणि तडा आणि फटीमधून ठिणगीचा घातक प्रकाश थेट आत येत होता. साबूत काच उजळ असतानाही तो अडवते. फुटलेली अडवत नाही.

तेवढ्यात लंबू येऊन उभा राहिला. शेडमधला सगळ्यात उंच वेल्डर, वयाने पन्नाशीचा, बोलायला कायम अवघडलेला.

"माझ्या हातून पडलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही नव्हतात तेव्हा वापरलं. पडल्यावर काच निघाली, मी परत बसवली. चालत होतं, म्हणून बोललो नाही."

टाकेबाई त्याच्याकडे बघत राहिली. राग यायला हवा होता. ती वाट बघत होती, पण आला नाही. लंबूचे मात्र कान लाल झाले होते.

"पडलं की सांगायचं," ती म्हणाली. "पडलेली काच टाकून द्यायची. तडा डोळ्यांना दिसला नाही तरी."

फोरमनने नवी काच मागवली आणि फर्मान काढलं की ज्याचं हेल्मेट त्यानेच वापरायचं आणि दर सोमवारी सगळी हेल्मेटं टाकेबाई तपासेल. ती "बरं" म्हणाली. सोमवारी एका लांब टेबलावर नऊ हेल्मेटं मांडली. ज्यांच्या पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीवर ओरखडे होते त्यांच्या पट्ट्या बदलल्या, आठ जणांना फडकी वाटली. पुढचे तीन सोमवार तेच. नणंद आपल्या घरी परत गेली. घरी आता दोघींचंच जेवण व्हायचं.

पाचव्या सोमवारी फोरमन स्वतःचं हेल्मेट घेऊन टेबलाशी आला. काच काही केल्या स्वच्छ होत नाही म्हणत त्याने थिनरची बाटली उघडली, चिंधी भिजवली आणि काच घासायला सुरुवात केली.

"थिनर?" टाकेबाई ओरडली. "थिनरने पुसताय? काच आहे ती, गंजलेला पाइप नव्हे! वरचा थर जाईल, सेन्सर जातील! ओलसर फडकं, साबणाचा थेंब, किती वेळा सांगायचं? फोरमन झालात म्हणून डोळे काय लोखंडाचे आहेत?"

ग्राइंडर थांबले. सतरा वर्षांत तिचा एवढा चढा आवाज कोणी ऐकला नव्हता. फोरमनने मुकाट्याने बाटलीला बूच लावलं.

स्टुलावर बसून टाकेबाईने टेबलावरचा चहा उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झालाय हा," ती म्हणाली. "दुसरा सांगा."